सुट्टीच्या दिवशीचा फोन

रायली निस्कानेनला नाही म्हणणं कुणालाच जमत नसे. हा तिचा गुण होता, आणि त्याच गुणावर तिची नोकरी चालली होती.

कॅनडात, सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावरच्या स्टॅनहोप बे गावात रुग्णालय एकच. त्याच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून, रायलीचं टेबल होतं. पहाटे कुणी नर्स तापाने फणफणल्याचा निरोप आला, की तिच्या जागी त्या दिवशी ज्यांना सुट्टी आहे त्यांच्यापैकी कुणाला तरी बोलावून घ्यायचं, एवढंच तिचं काम. पण ते काम ती अशा काही हातोटीने करायची की ज्याचं नाव ते. आधी मुलाच्या दाढदुखीची चौकशी, मग सासूच्या गुडघ्याची, मग कुत्र्याच्या ऑपरेशनची. समोरची बाई बोलती झाली, हसली, की मग हलकेच, "बरं, एक विचारू का गं?" तोवर उशीर झालेला असे. फोन ठेवताना समोरच्या बाईने हो म्हटलेलं असे आणि वर रायलीचे आभारही मानलेले असत.

"माझ्या हातून एकही ड्यूटी रिकामी गेलेली नाही," असं ती नवऱ्याला सांगायची.

ओर्वो कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, बोलण्याच्या बाबतीत अस्सल फिनिश माणूस. दिवसाला चार वाक्यं म्हणजे त्याच्या लेखी बडबड. तो पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "लग्नाचं तूच विचारलं होतंस. मला तरी कुठे नाही म्हणता आलं?"

रायलीचे वडील फिनलंडहून लाकूडतोडीला आलेले. घेतलेलं काम अर्ध्यावर टाकायचं नाही, आणि थकलो हा शब्द जेवणाच्या टेबलावर उच्चारायचा नाही, या दोन गोष्टी तिला बाळकडूसारख्या मिळालेल्या. त्यामुळे दुसऱ्याचं थकणंही तिच्या कानाला सहसा ऐकू येत नसे.

आधी गिरणी बंद पडली. मग तरुण माणसं दक्षिणेकडच्या मोठ्या शहरांत गेली, त्यांच्याबरोबर तरुण नर्सही गेल्या. ज्या उरल्या त्या पन्नाशीच्या आसपासच्या, इथल्याच मातीतल्या. रोगी मात्र होते तेवढेच, उलट म्हातारे झालेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण रायलीचा पोहरा चालूच होता. आठवड्यातून एकदा जिला फोन जायचा तिला आता दोनदा जाऊ लागला, मग तीनदा.

गावात त्याचे परिणाम दिसू लागले. किराणा दुकानात रायली चीजच्या कपाटाशी वळली, की पलीकडची ट्रॉली आपोआप मागे सरे. एकदा सर्जिकल वॉर्डची बेव्ह टर्कोट बटाट्याच्या पोत्यांआड खाली बसलेली तिला सापडली.

"बेव्ह? काय शोधतेयस?"

"काही नाही. मी इथे नाहीये. तू मला पाहिलेलं नाहीस, रायली."

दोघी हसल्या. पण बेव्ह उभी राहिली ती रायलीने आपली ट्रॉली पुढे नेल्यावरच.

एका सकाळी एका नर्सच्या नवऱ्याने फोन उचलला. "ती छपरावर आहे," तो म्हणाला.

"छपरावर? या थंडीत?"

"बर्फ उपसतेय."

"मग उतरली की सांग ना."

"आज नाही उतरणार ती," तो गंभीरपणे म्हणाला. "बर्फ फार आहे."

रायलीने ही गोष्ट घरी हसत हसत सांगितली. ओर्वो हसला नाही. "बिचारी," म्हणाला. कुणाबद्दल, ते त्याने सांगितलं नाही.

या सगळ्यांत हमखास हो म्हणणारी एकच, लोर्ना डेसमुलँ. नदीच्या मुखाशी असलेल्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतली, पंचेचाळिशीची, खळखळून हसणारी. तिच्या हसण्याने अर्धा वॉर्ड बरा होतो असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे. तिच्यासाठी दाढदुखी-गुडघेदुखीची प्रस्तावना लागतच नसे. रायली एवढंच म्हणायची, "लोर्ना, बेव्ह एकटीच आहे गं वॉर्डात." बस्स. लोर्नाचं आणि बेव्हचं जिवाभावाचं मैत्र आहे, हे रायलीला ठाऊक होतं. ही गळ कधी वाया जायची नाही. म्हणून अडीअडचणीला पहिला फोन लोर्नाला, असा शिरस्ताच पडून गेला होता.

मार्च महिना होता. सरोवर अजून गोठलेलं, पण ऊन लख्ख. एके दिवशी लोर्नाची सुट्टी होती आणि आईला चष्मा करायला घेऊन जायचं तिने कबूल केलं होतं. रायलीचा फोन आला तेव्हा ती हसली नाही, तक्रारही केली नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि रात्रपाळीला आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रायली काम संपवून बाहेर पडली, तर गाड्यांच्या आवारात लोर्नाची निळी गाडी उभी. आत लोर्ना. जाडजूड कोट घातलेला, टोपी घातलेली, दोन्ही हात मांडीवर. तिची रात्रपाळी तर सकाळीच संपली होती.

रायलीने काचेवर टकटक केलं. पुष्कळ वेळाने दार उघडलं.

"अगं, गाडी सुरू होत नाहीये का? ओर्वोला बोलावू?"

"गाडीला काही झालेलं नाही," लोर्ना म्हणाली. "किल्ली फिरवायची आहे फक्त. ते होत नाहीये."

"तू सकाळपासून इथे आहेस?"

"घरी गेले तर झोपेन. झोपले तर उठेन. उठले की फोन वाजेल." ती हे सगळं समोरच्या बर्फाच्या ढिगाकडे बघत बोलत होती. "तुझा आवाज किती गोड आहे, रायली. अलीकडे तो ऐकला की मला मळमळतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पेशंटचा ताप किती आहे ते सांगावं, तसं तिने सांगितलं. रायलीला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने लोर्नाला आपल्या गाडीत बसवलं आणि घरी आणलं. ओर्वोने दारातून दोघींकडे पाहिलं, एक शब्द विचारला नाही, आणि मागच्या अंगणात जाऊन सौनाची भट्टी पेटवली. त्या लाकडी खोलीत, गरम दगडांवर पाणी टाकत, दोघी बायका वाफेत बसून राहिल्या. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलेल्या रायलीला एक वाक्य सुचेना. लोर्ना रडली असावी. घाम कुठला आणि अश्रू कुठले ते वाफेत कळत नव्हतं, आणि रायलीने बघितलंही नाही. नंतर ओर्वोने मासे-बटाट्याचं मोयाक्का वाढलं. लोर्नाने वाडगाभर सूप संपवलं आणि कोचावर जी आडवी झाली, ती तिचा भाऊ क्लॅरन्स न्यायला आला तरी उठेना. त्याने तिला पांघरुणासकट उचलून नेलं.

डॉक्टरांनी तिला लांबलचक रजा दिली. कारणाच्या जागी जो शब्द लिहिला तो मोठा होता. रायलीला त्याचा अर्थ एवढाच कळला, की एक बाई पूर्ण संपेपर्यंत वापरली गेली, आणि वापरणाऱ्या हातांतला एक हात आपला होता.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी बसली. मेडिकल वॉर्डातून निरोप आला, एक जण हवी. तिने फोन उचलला, आणि ठेवला. पुन्हा उचलला. शेवटी जिना चढून वर गेली.

कॉलीन मॅकव्हिटी ही सगळ्या नर्सांची प्रमुख. स्वतः तीस वर्षं वॉर्डात काढलेली, तोंडाने फटकळ.

"मला हे असं नाही करता येणार आता," रायली म्हणाली. "सुट्टीवरच्या बायकांना असं घोळात घेणं."

"बरं," कॉलीन म्हणाली. "मग पेशंटला काय सांगू? आमच्या रायलीचं मन भरून आलंय, तुमचं सलाईन उद्या लावू?"

"तसं नाही, कॉलीन..."

"मग कसं? सांग ना. पलंगापाशी कुणीतरी उभं राहायला हवं की नको?"

 रायली खाली आली आणि तिला सुचलं ते तिने केलं. फोन केला, पण दाढदुखी विचारली नाही. "मेडिकलला एक जण कमी आहे. येणार असशील तर ये. नाही म्हणालीस तरी चालेल, मी कारण विचारणार नाही."

 पलीकडून काळजीचा आवाज आला, "रायली, तुझी तब्येत बरी आहे ना?"

पहिल्या एक-दोघी सवयीने आल्या. नंतर बातमी पसरली की रायलीला नाही म्हणता येतं, आणि बायकांनी ते सुख मनसोक्त उपभोगलं. वॉर्डात जागा रिकाम्या राहू लागल्या. रायलीला मात्र हलकं वाटत होतं. ती घरी येऊन ओर्वोला म्हणाली, "आज चौघी नाही म्हणाल्या," आणि हे जणू कौतुकाने सांगितलं.

तो हलकेपणा बेव्हने उतरवला. एका संध्याकाळी ती अंगावरच्या गणवेशासकट रायलीच्या घरी थडकली. बूटसुद्धा न काढता दारातच उभी राहिली, आणि त्या गावात बूट न काढणं म्हणजे भांडणच.

"तू फार चांगली झालीस म्हणे! अभिनंदन. तुझ्या चांगुलपणाचं ओझं कुणी उचललं माहितीये? मी. आज अर्धा वॉर्ड माझ्या एकटीवर. जेवण सोड, मुतायला जायला मिळालं नाही मला. एक म्हातारा पाण्यासाठी हाका मारत होता, मी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो झोपून गेला. तहानलेला झोपला, रायली."

"मग मी काय करू? फोन करू की नको करू?"

"ते मला काय विचारतेस! मला माहीत असतं तर मी बटाट्यांमागे लपले असते का?"

ओर्वोने मध्ये येऊन बेव्हच्या हातात कॉफीचा मग दिला. तिने तो घेतला. मग बूट काढले. बराच वेळ दोघी स्वयंपाकघरात बसल्या. माणसांचं पांघरूणच आखूड होतं. डोक्यावर ओढलं की पाय उघडे, पायावर ओढलं की डोकं. रायली आधी एका बाजूने ओढत होती, आता दुसऱ्या बाजूने. ओढणाऱ्याचं मन कितीही चांगलं असलं तरी पांघरूण त्याने लांब होत नाही. ही गोष्ट त्या दोघींना जेवणाच्या सुमारास उमगली.

"वर कॉलीनकडे जाऊ या," बेव्ह म्हणाली. "दोघी. तू एकटी गेलीस तर ती तुला खाऊन टाकेल."

दुसऱ्या दिवशी त्या वर गेल्या तेव्हा कॉलीन आपल्या खोलीत कोरडी बिस्किटं खात कॉम्प्युटरकडे बघत होती. तेच तिचं जेवण. बेव्ह बोलायला लागली, पण रायलीचं लक्ष त्या बिस्किटांकडे गेलं.

"कॉलीन, तू शेवटची रजा कधी घेतलीस?"

कॉलीन हसली. हसता हसता थांबली. "मुलीला दुसरं बाळ झालं, नोव्हा स्कोशियात. ते आता चालायलाही लागलं. मी अजून पाहिलं नाही त्याला." आणि मग तिच्या त्या फटकळ तोंडातून असं वाक्य निघालं, जे त्या दोघींनी कधी ऐकलं नव्हतं. "मला सुचत नाहीये गं आता काही."

एका रविवारी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. ज्या ड्यूटीवर होत्या त्यासुद्धा आळीपाळीने डोकावून गेल्या. कुणी रानतांदळाचं सूप आणलं, बेव्हने मांसाचं सारण भरून भाजलेली तूर्तिएर, रायलीने वेलदोडा घातलेला पुल्ला पाव. तासभर नुसतं भांडण झालं. कुणाला शनिवार हवे, कुणाला शनिवार नको, कुणी वर्षांपूर्वीची नाताळची ड्यूटी उकरून काढली. रायलीच्या वाट्यालाही बरंच आलं. एकीने तिच्या आवाजाची नक्कल करून दाखवली, "बरं, एक विचारू का गं?", आणि सगळं कँटीन हसलं. रायलीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

त्या गोंधळातूनच हळूहळू काहीतरी वर आलं. ड्यूटीचा तक्ता वरून न लादता बायकांनी आपसांत बसून लावायचा. निवृत्त झालेल्या दोघी-तिघींनी आठवड्यातले ठरलेले दिवस द्यायचे कबूल केले. ग्लेनिस नावाची एक सत्तरीची बाई म्हणाली, "पळायला सांगू नका. बसून कराल ती सगळी कामं माझी." जेवायला जाणारीचे पेशंट दुसरीने नावानिशी ताब्यात घ्यायचे, म्हणजे ती खरंच जेवेल. आणि सुट्टीच्या दिवशी घरी फोन नाही. मोठा अपघात, आग, असं काही असेल तरच.

"आणि तरीही माणूस कमी पडलं तर?" कुणीतरी विचारलं.

सगळ्या कॉलीनकडे बघायला लागल्या. तिने काटा खाली ठेवला. "तर थांबता येण्यासारखी ऑपरेशनं थांबतील. वरच्यांना मी सांगेन. ओरडतील. ओरडू देत."

वरचे ओरडलेच. पण कॉलीनही काही कमी ओरडणारी नव्हती. थंडी पडेपर्यंत करून बघा, असं शेवटी ठरलं.

ते काही सुखासुखी पार पडलं नाही. दोनदा तक्ता असा फिसकटला की बेव्ह आणि एक जण महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. ऑपरेशनं लांबली त्यांतलं एक तोइवो हाविस्तोचं होतं. त्याने रायलीला पोस्टाच्या दारात गाठलं.

"माझा हर्निया तुझ्यामुळे लांबला म्हणे."

"हो, तोइवो."

"दुखतंय मला."

"माहीत आहे. पुढच्या महिन्यात तुझा नंबर आहे, आणि त्या दिवशी तुझ्याकडे बघणाऱ्या बाईची झोप झालेली असेल."

तो थोडा वेळ गुरगुरला. "दुखायचं थांबत नाही त्याने," म्हणाला आणि निघून गेला. तेही खरंच होतं. 

पण उन्हाळ्याच्या शेवटी आजारपणाचे निरोप कमी झाले. दक्षिणेकडे गेलेली एक नर्स, गावात परत यावं का, असं आईकडून विचारून घेऊ लागली. किराणा दुकानात बेव्ह चीजच्या कपाटाशी रायलीशेजारी उभी राहून मुलाच्या लग्नाचं बोलू लागली. कॉलीन नोव्हा स्कोशियाला जाऊन नातवाला पाहून आली आणि येताना सगळ्यांना त्याचे इतके फोटो दाखवले, की लोक तिला चुकवायला लागले.

लोर्नाला मात्र रायलीने त्या सगळ्या काळात फोन केला नव्हता. सप्टेंबरात लोर्नाच तिच्या घरी आली. वजन थोडं वाढलेलं, उन्हाने रापलेली. दोघी मागच्या पायरीवर बसल्या.

"मी वस्तीतल्या आरोग्य केंद्रात लागतेय," लोर्ना म्हणाली. "लसी, मधुमेहवाल्यांची तपासणी, म्हाताऱ्यांच्या घरी चक्कर. संध्याकाळी घरी. रुग्णालयात नाही येणार मी परत. तुला माझ्या तोंडून कळावं म्हणून आले."

रायलीने मान हलवली. सर्जिकल वॉर्डाला लोर्नाची किती गरज होती, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिला कोणत्या वाक्याने परत आणता येईल, तेही तिला नेमकं ठाऊक होतं. बेव्ह तुझी रोज आठवण काढते गं. वाक्य खरंही होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. ओठ उघडलेसुद्धा.

"आईचा चष्मा झाला का?" तिने विचारलं.

लोर्नाने तिच्याकडे पाहिलं. मग ती हसली. पूर्वीसारखं खळखळून नाही, पण हसली. "झाला. आता तिला माझ्या केसांतले पांढरे दिसतात. रोज मोजते."

संध्याकाळपर्यंत त्या तिथेच बसल्या होत्या. ओर्वो दोनदा बाहेर येऊन, दोघी अजून आहेत ना ते बघून, आत गेला.

रायली त्यानंतर तीन वर्षांनी निवृत्त झाली. तिचं टेबल काढून टाकलं नाही. तिथे आता एक तरुण माणूस बसतो, आणि त्याचं बरंचसं काम तक्त्यावरून होणारी भांडणं मिटवण्याचं असतं. सगळं आलबेल झालं असं कुणी म्हणणार नाही. हिवाळ्यात साथ आली की अजूनही ओढाताण होते, वरचे अजूनही ओरडतात, आणि ग्लेनिसला अखेर काठी लागल्यावर तिची जागा भरायला फार दिवस गेले.

गेल्या जानेवारीत रायलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या वॉर्डात मारिव्हिक नावाची एक नवी मुलगी होती, फिलिपिन्समधून आलेली, गावात पहिलाच हिवाळा. रायली कोण हे तिला ठाऊक नव्हतं, आणि रायलीनेही सांगितलं नाही. दुपारी तिने रायलीच्या पायाची पट्टी बदलली, चहा आणून दिला, आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"तुम्हाला वेळ आहे बसायला?" रायलीने विचारलं.

"आहे ना. माझे बाकीचे पेशंट बेव्हने घेतलेत, माझी जेवणाची वेळ आहे. पण मी जेवले. म्हटलं, मिसेस निस्कानेनना एक विचारू." ती पुढे वाकली. "उद्यापासून मला चार दिवस सुट्टी आहे. इथल्या मैत्रिणींबरोबर सरोवरावर जाणार आहे, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. मी आयुष्यात कधी गोठलेल्या पाण्यावर पाय ठेवलेला नाही. खरं सांगा, फुटत नाही ना ते?"

"ट्रक जातात त्याच्यावरून," रायली म्हणाली. "लोकरीचे मोजे घाला, दोन जोड, आणि दुसरा जोड पहिल्यापेक्षा मोठा. नाहीतर बोटं आवळतात आणि जास्त गारठतात."

"आणि?"

"आणि माझा नवरा तिकडे बसलेला दिसेल, मासेमारीच्या लाल खोपटाशी. त्याच्याशी बोलायला जाऊ नका. तो उत्तर देणार नाही. पण शेजारी बसलात तर कॉफी देईल."

मारिव्हिक हसली आणि मोज्यांचं पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. चहा संपेपर्यंत ती उठली नाही.